मालक राहावा की जावा?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



आम्हाला आज इथे बोलायला उभे केले आहे ते खरे तर शिक्षा म्हणून. मागच्या महिन्यात एका शनिवारी रात्री मंडळाच्या खालच्या खोलीत एवढा आरडाओरडा झाला, की वर भजनाची तालीम करणाऱ्या वहिनींना तालीम थांबवावी लागली. दुसऱ्या दिवशी कार्यवाहांनी आम्हाला बोलावून घेतले आणि म्हणाले, "एवढे कशावरून भांडता ते सभेत सांगा. निदान आम्हाला कळू तरी द्या."

आम्ही म्हणजे खालच्या खोलीत फुटबॉल बघणारे सहा जण. बहुतेक सरकारी नोकर, पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन खात्यात चिकटलेले, आता चाळिशी ओलांडलेले. गणपतीत मांडवाचे खांब, वायरिंग आणि वर्गणीची पावतीपुस्तके आमच्याकडे असतात, एवढीच आमची ओळख. भांडण मात्र हैदराबादचे नव्हते. ते होते इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबचे. प्रश्न एकच, त्या क्लबचा मालक राहावा की जावा?

तुम्ही म्हणाल, इंग्लंडच्या क्लबचे आपल्याला काय? त्याचे कारण असे की तो मालक आपल्याकडचा आहे. पुण्याचा. वेंकीज हे नाव तुम्ही कोंबडीच्या पाकिटावर वाचले असेल. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये हा उद्योग सुरू केला. अंड्याला शेतकऱ्याने ठरवलेला भाव मिळावा म्हणून 1982 मध्ये जी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. कुक्कुटपालनाच्या धंद्यात त्या माणसाचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या पश्चात मुलांनी 2010 च्या नोव्हेंबरात 2 कोटी 30 लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला.

तेव्हा आम्हाला किती आनंद झाला होता, तो आजही आठवतो. आम्ही शाळा-कॉलेजात असताना केबलवर इंग्लिश फुटबॉल दिसू लागले, आणि 1995 साली लीग जिंकली ती याच ब्लॅकबर्नने. अ‍ॅलन शिअररचे त्या हंगामातले 34 गोल आम्हाला तोंडपाठ होते. शेवटच्या दिवशी ते लिव्हरपूलकडून हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखले आणि विजेतेपद ब्लॅकबर्नच्या पदरात पडले. त्या क्लबचे मालक आता पुणेकर! आमच्यातल्या एकाने तर पेढे वाटले होते.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे भांडण समजेल. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले कापड गिरण्यांचे गाव. 1905 साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, ते कापड याच मुलखातल्या मागांवरून यायचे. 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनला मुद्दाम जाऊन राहिले. आपल्या बहिष्काराने ज्यांचे काम गेले, त्या गिरणी कामगारांना त्यांना भेटायचे होते. आणि त्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. तर असे हे गाव. त्याचा क्लब 1875 चा. 1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापकांपैकी एक. छातीवर लँकेशायरचे लाल गुलाब, अंगात अर्धा निळा अर्धा पांढरा शर्ट.

या क्लबने चांगला मालकही पाहिलेला आहे. जॅक वॉकर हे गावचेच पोलादाचे व्यापारी. 1991 मध्ये त्यांनी क्लब हाती घेतला, केनी डॅलग्लिशना मॅनेजर म्हणून आणले, शिअररला आणले, ईवुड पार्क हे मैदान नव्याने बांधले आणि चार वर्षांत लीग जिंकून दाखवली. 2000 साली ते गेले. मैदानावर त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या मागे त्यांच्या ट्रस्टने दहा वर्षे क्लब चालवला आणि मग वेंकीजना विकला.

पुढे काय झाले? विकत घेतल्यावर महिनाही होत नाही तोच अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढले. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे धोक्यात नव्हता. त्यांच्या जागी आधी कधीही मुख्य मॅनेजर न झालेले स्टीव्ह कीन आले. खेळाडूंनी चिकन खाण्याची जाहिरात केली, तिची गावभर चेष्टा झाली. 2011 च्या ऑक्टोबरात संघाला भर हंगामात पुण्याला आणून पुणे एफसीबरोबर मैत्रीपूर्ण सामना खेळवला. आम्हाला कौतुक वाटले, पण ब्लॅकबर्नच्या लोकांना वाटले की संघ तळाशी असताना हे काय चालले आहे.

2012 च्या मे महिन्यात विगनविरुद्ध घरच्या मैदानावर सामना होता. हरलो तर खालच्या श्रेणीत. त्या सामन्यात कुणीतरी क्लबच्या रंगाचे कापड पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. सामना 1-0 ने गेला आणि अकरा वर्षे वरच्या श्रेणीत राहिलेला संघ खाली आला. पुढच्या हंगामात एक मॅनेजर 57 दिवस टिकला, दुसरा 67 दिवस. 2017 मध्ये संघ आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला एखादा क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी टोनी मोब्रे यांनी संघाला पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आणले. 2023 मध्ये आणि परत 2025 मध्ये संघ सातवा आला. पहिल्या श्रेणीत चढण्यासाठीचे जादा सामने तेव्हा सहाव्या क्रमांकापर्यंतच्या संघांना मिळत, म्हणजे दोन्हीदा एका पायरीने चुकले.

आता भांडणाकडे येतो. आमच्यातल्या एकाचा भाचा प्रेस्टनला शिकतो. तिथून ब्लॅकबर्न जवळच. तो शेजाऱ्यांबरोबर सामने बघायला जातो आणि आम्हाला फोनवर तिथली हकिकत सांगतो. तो म्हणतो, मामा, इथे एकाच घरात दोन पक्ष आहेत. बाप म्हणतो मालक जावा, मुलगा म्हणतो राहू दे.

जावा म्हणणाऱ्यांचे म्हणणे आधी सांगतो. पहिली गोष्ट, मालक दिसत नाहीत. वर्षानुवर्षे ते मैदानावर फिरकले नाहीत. प्रेक्षकांनी पत्रे लिहिली, पुण्यापर्यंत निरोप धाडले, पण समोर बसून बोलणे झाले नाही. 2016 मध्ये लोकांनी एक निषेध केला. क्लबचे वर्ष 1875, म्हणून अठराव्या मिनिटाला आत यायचे आणि पंच्याहत्तराव्या मिनिटाला उठून जायचे. 31,000 माणसे मावणाऱ्या मैदानात निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. आजोबांपासून चालत आलेले हंगामी तिकीट लोकांनी सोडले. दुसरी गोष्ट, गावातच वाढलेला अ‍ॅडम व्हार्टन 2024 च्या सुरुवातीला विकावा लागला आणि त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडकडून खेळला. तिसरी गोष्ट, ज्या क्लबात कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून या मुली घडल्या, त्या क्लबने 2025 मध्ये आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला, कारण तिथे टिकायला लागणारा खर्च करायचा नव्हता. ताई, हे ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली, तशीच आमच्याही पडली.

आता राहू दे म्हणणाऱ्यांचे ऐका. ते म्हणतात, दुसऱ्या श्रेणीतला क्लब हा तोट्याचा धंदा आहे. खेळाडूंचे पगारच उत्पन्नाला खाऊन टाकतात. दरवर्षी कोट्यवधी पौंडांची तूट पडते, आणि ती पंधरा वर्षे पुण्याच्या या कुटुंबाने भरली आहे. आजवर 20 कोटी पौंडांहून जास्त पैसा त्यांनी ओतला. मँचेस्टर युनायटेडच्या मालकांनी 2005 मध्ये क्लब घेताना काढलेले कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकले. इथे तसे झाले नाही. 2023 मध्ये अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, तेवढ्याच रकमेची बँक हमी द्यावी लागली. चौकशी म्हणजे दोष नव्हे, हे आम्हा सरकारी माणसांना सांगायला नको. सांगायचे ते एवढेच, की एवढ्या कटकटीतही त्यांनी पैसे पाठवणे सोडले नाही. ज्याला क्लब नकोसा झाला आहे, तो असे करील का?

आणि मग ते एक नाव घेतात, बरी. ब्लॅकबर्नच्या शेजारचे गाव. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. 2018 च्या डिसेंबरात तो एका नव्या मालकाने एका पौंडाला घेतला. एक पौंड! आपल्याकडे तेवढ्यात तेव्हा एका माणसाची बिर्याणीही आली नसती. देणी थकली, पैसा कुठून येणार हे मालकाला दाखवता आले नाही, आणि 27 ऑगस्ट 2019 ला लीगने बरीला काढून टाकले. 134 वर्षांचा क्लब एका संध्याकाळी बेघर झाला. लोक मैदानाच्या दारात उभे राहून रडले. म्हणून राहू दे म्हणणारा विचारतो, हा मालक गेला तर कोण येईल? आणि आला तो बरीसारखा निघाला तर?

आमच्या खोलीत त्या रात्री हेच चालले होते. तिघे म्हणत होते जावा, दोघे म्हणत होते राहावा. सहावा गप्प होता, कारण त्याला वेगळेच बोचत होते. तो शेवटी म्हणाला, "अरे, कोणी तरी इंग्रज आपल्या पुण्याच्या माणसाला कोंबडीवाला म्हणून हसतो, आणि आपण त्याच्याच बाजूने टाळ्या वाजवतो?" त्यावरच तो आरडाओरडा झाला, वहिनी.

त्याचे बोलणे आम्हाला लागले. कोंबडीच्या धंद्याला हसायचे कारण नाही. पोलाद विकणारा थोर आणि कोंबडी विकणारा हलका, असे काही नसते. पण आम्ही रात्रभर विचार केला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ब्लॅकबर्नच्या माणसाचा राग आपल्या गावाशी नाही. पन्नास वर्षे ज्या खुर्चीवर तो बसला, त्या खुर्चीबद्दल त्याला कोणी विचारले नाही, हा त्याचा राग आहे. आणि हा राग आपल्या ओळखीचा आहे. कसा ते सांगतो.

रोव्हर्स पुण्याला ज्यांच्याशी खेळले, तो पुणे एफसी आज कुठे आहे? 2015 नंतर बंद झाला. त्याच शहरातला दुसरा क्लब, एफसी पुणे सिटी, 2019 मध्ये गुंडाळला गेला, आणि त्याची जागा घेऊन उभा राहिला तो आपला हैदराबाद एफसी. आपल्याला त्याचा आनंद झाला. गच्चीबावलीला आम्ही पिवळे शर्ट घालून गेलो. 2022 मध्ये गोव्यात केरळला पेनल्टीवर हरवून हैदराबाद आयएसएल जिंकला तेव्हा आम्ही या हॉलबाहेर फटाके लावले. त्या आनंदात पुण्याच्या पोरांना काय वाटले असेल, हे आमच्या मनातही आले नाही. आणि मग 2025 मध्ये तोच क्लब हैदराबादहून उचलून दिल्लीला नेला. नाव बदलले, गाव बदलले. आम्हाला कोणी विचारले नाही. आमचे पिवळे शर्ट आता गणपतीत साफसफाईला घालायला उरले आहेत.

हे ते शहर आहे, जिथल्या सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा जिंकला. रहीम साहेबांनी याच शहरातून जाऊन देशाला 1962 चे एशियाड सुवर्ण मिळवून दिले. त्या शहराचा क्लब एका कागदावर सही करून दुसरीकडे गेला. ब्लॅकबर्नचे लोक निदान मालक राहावा की जावा यावर भांडू शकतात, कारण भांडायला क्लब त्यांच्या गावात शिल्लक आहे.

तेव्हा आमचे मत काय झाले? आम्ही नोकरीत एक गोष्ट शिकलो. साहेब वाईट असला की सगळे म्हणतात, याची बदली होऊ दे. बदली होते, नवा साहेब येतो आणि सहा महिन्यांनी जुना बरा होता असे वाटू लागते. कारण साहेबाला विचारणारे कोणी नसेल, तर कोणीही येवो, काम त्याच्या मर्जीवरच चालणार. मालक राहावा की जावा हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. उरलेला अर्धा असा, की मालकाला काय काय करता येऊ नये हे कोणी ठरवायचे?

जर्मनीत याचे एक उत्तर आहे. तिथे काही अपवाद सोडले तर क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडेच राहते. पैसेवाला येऊ शकतो, पण क्लब त्याच्या मुठीत जात नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथचा बुडता क्लब 2013 मध्ये प्रेक्षकांनीच वर्गणी काढून घेतला, चार वर्षे चालवला, आणि 2017 मध्ये पैसा कमी पडतो हे बघून स्वतःच मतदान करून विकला. विकला हे खरे, पण विचारून विकला. बरीच्या लोकांनीही हार मानली नाही, 2023 पासून ते पुन्हा आपल्या जुन्या मैदानावर खेळत आहेत. आणि 2025 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला. आता तिथे एक स्वतंत्र नियामक आहे. मालक होऊ पाहणाऱ्याची पात्रता तो तपासणार. क्लबचे चिन्ह आणि शर्टाचा रंग प्रेक्षकांना विचारल्याशिवाय बदलता येणार नाहीत, घरचे मैदान परवानगीशिवाय विकता येणार नाही. बरीच्या वेळी हा कायदा असता, तर कदाचित ती संध्याकाळ आली नसती.

म्हणून ब्लॅकबर्नबद्दल आमच्या सहा जणांचे शेवटी एकमत झाले ते असे. वेंकीजनी विकावे, पण पहिला येईल त्याला नव्हे. नीट पारखलेला गिऱ्हाईक मिळेपर्यंत तूट भरत राहावी, आणि तोवर वर्षातून एकदा तरी ईवुड पार्कच्या हॉलमध्ये लोकांसमोर बसून उत्तरे द्यावीत. पैसा दिला हे मोठे आहेच. पण पैसा देणाऱ्याने तोंड दाखवले नाही, तर लोकांना त्या पैशाचेही ओझे वाटते.

मित्रहो, आता शेवटचे. तुम्हाला ठाऊकच आहे की येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे. एका सद्गृहस्थांनी आपला हॉल नव्याने बांधून द्यायची आणि पाच वर्षे उत्सवाचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे. बदल्यात मंडळाच्या नावाआधी त्यांच्या उद्योगाचे नाव लागावे आणि कार्यकारिणीत त्यांची तीन माणसे असावीत. छत गळते आहे हे आमच्याइतके कोणाला ठाऊक नसेल, दर पावसाळ्यात ताडपत्री आम्हीच बांधतो. वर्गणीसाठी दारोदार फिरणेही आम्हालाच आहे, तीन मजले चढून 51 रुपयांची पावती फाडताना गुडघे बोलतात. त्यामुळे त्या देणगीला नाही म्हणणे आम्हाला सोपे नाही.

पण टिळकांनी गणपती घरातून मांडवात आणला तेव्हा त्याला मालक ठेवला नाही. मंडळाला विश्वस्त असतात, खजिनदार असतो, आणि दरवर्षी जमाखर्च सर्वांसमोर वाचला जातो. 51 रुपये देणारा माणूसही उठून विचारू शकतो, मांडवाला एवढे कसे लागले? तो विचारतो, आम्हाला राग येतो, पण तो विचारतो म्हणूनच मंडळ एवढी वर्षे टिकले.

तेव्हा ठरावावर हो म्हणायचे की नाही, ते तुम्ही सभेत ठरवा. हो म्हणणार असाल तर आमच्या तीन अटी लिहून घ्या. मंडळाचे नाव आणि मूर्तीची जागा विकाऊ नाही. जमाखर्च आजच्यासारखाच सर्वांसमोर वाचला जाईल. आणि पाच वर्षांनी ते गेले तर हॉल कोणाचा, हे आजच कागदावर येईल. सद्गृहस्थ चांगले असतील, आम्ही त्यांना वाईट म्हणत नाही. जॅक वॉकरही चांगले होते. पण चांगला माणूस गेल्यावर काय, हे ब्लॅकबर्नने आधी लिहून घेतले नव्हते.

खालच्या खोलीतला आवाज यापुढे कमी ठेवू, असे वचन देतो आणि आमचे चार शब्द संपवतो. गणपती बाप्पा मोरया!